वाळलेल्या हाताची सुईण

डोंगरातल्या रोक्काल्ता गावात तिशीच्या आतलं जे कोणी चालतं-बोलतं होतं, त्यातलं निम्मं तरी पिएराच्या हातात पडूनच पहिल्यांदा रडलं होतं. त्यामुळे गावात कुणी फार तोरा मिरवायला लागलं की ती म्हणायची, "उगी रे बाबा. तू पायाळू आलास. तुझं बूड मी तुझ्या तोंडाआधी बघितलंय." मग समोरचा गावपंच असो नाहीतर लोकरवाल्यांचा म्होरक्या, गप्प बसायचा.

ठेंगणी, रुंद बांध्याची, डावा डोळा जरा मिटलेला. हात मात्र तिच्या अंगाला न शोभणारे, लांब बोटांचे, मऊ. ते ती ऑलिव्हचं तेल लावून जपायची. नवरा खेचरं हाकायचा, तो एका हिवाळ्यात घाटात गेला. पाच पोरं झाली त्यातली एकच जगली, ओरेत्ता. ती गावातच दिली होती, कापड धुऊन घट्ट करणाऱ्यांच्या घरात, सान्द्राच्या थोरल्या मुलाला.

त्या शरदात चेस्टनट वाळत घातले होते तेव्हा पेरूजाहून व्हिएरी नावाचा चितारी आला. लोकरवाल्यांच्या बंधुमंडळाने त्याला चर्चमध्ये येशूजन्माचं मोठं चित्र काढायला बोलावलं होतं. चित्रात काय काय हवं ते पाद्री ग्वीदोंनी लिहून दिलं होतं. हे पाद्रीबाबा तरुण, शहरात शिकलेले; गावाला काही कळत नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं. चितारी बाजारात हिंडून तोंडं बघायचा, खाटीक जनावरांच्या बाजारात हिंडतो तसा. मरियामातेसाठी त्याने पाणचक्कीवाल्याची पोर घेतली. योसेफासाठी म्हातारा चांभार घेतला, कारण तो कुठेही बसवला की झोपायचा आणि योसेफ झोपलेलाच हवा होता. मग तो पिएराच्या दारात आला.

"सुईणबाई, तुमचा चेहरा द्याल का मला?"

"घे की. मला तरी एवढ्या वर्षांत त्याचा काय उपयोग झालाय!"

"सुईणच व्हायचंय तुम्हाला. चित्रात सुईण आहे."

पिएराला काय आनंद झाला! येशूबाळाची सुईण! आठ दिवस ती रोज दुपारी जाऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तो म्हणायचा, उजवा हात पुढे करा, बाळाकडे. ती म्हणाली, "असं एका हाताने कुणी पोर घेतं का? दोन्ही लागतात."

"एकच पुरे," तो म्हणाला.

तिने तिथेच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ओरेत्ताला दिवस राहिल्याचं नुकतंच कळलं होतं आणि हिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. कारण पिएराच्या माहेरच्या बायकांची एक खोड होती: मूल सुखरूप यायचं, पण त्याच्या मागून पडायची ती वार आत चिकटून बसायची. पिएराची आई त्यातच गेली. पिएरा बाळंत झाली तेव्हा तिच्या मावशीने हात घालून, बोटांनी अलगद सोडवून काढली, म्हणून ती वाचली. ती कला मावशीनेच तिला शिकवली. गावात आता ते येणारी पिएरा एकटीच होती. ओरेत्ताचे दिवस ईस्टरच्या सुमाराला भरणार होते आणि त्या दिवशी आपण तिच्यापाशी असलं पाहिजे, एवढं एकच पिएराला कळत होतं.

नाताळच्या सकाळी चित्रावरची चादर ओढली. पहिला अर्धा तास देव कुणी बघितलाच नाही. जो तो आपलं नाहीतर शेजाऱ्याचं तोंड शोधत होता. "तो बघ भटारी, मेंढपाळ झालाय! मेंढरू तरी कधी धरलं होतं का याने?" गर्दीत सान्द्रा विहीणबाईंच्या शेजारीच पिएरा उभी होती. तिने आधी बाळ बघितलं. सवयच तशी.

"अगंबाई," ती म्हणाली, "पोराला उघडं-नागडं दगडावर टाकलंय की! ऐन हिवाळ्यात!"

बायका हसल्या.

"आणि नाळ कुठाय? कुणी कापली, कुणी बांधली? ही पोरगी आत्ता बाळंत झाली ना, आणि गुडघ्यांवर बसून हात काय जोडतेय? आडवं करा हिला कुणीतरी. घंगाळातल्या पाण्याला वाफ नाही, रक्ताचा एक ठिपका नाही… योसेफ तेवढा बरोबर काढलाय. झोपलाय!"

तेव्हा सगळ्या हसल्या. सान्द्रा तर शालीच्या टोकाने डोळे पुसेपर्यंत हसली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे सान्द्राला ते आठवत नव्हतं.

पाद्रीबाबांनी काठी उचलली आणि चित्र समजावायला सुरुवात केली. पडकी कमान म्हणजे जुना धर्म, ढासळलेला. झुडपावर लाल तोंडाचा पक्षी आहे, तो पुढे सांडणाऱ्या रक्ताची खूण. योसेफाची मेणबत्ती फिकी आहे, कारण खरा उजेड बाळाचा आहे. बाळ उघड्या जमिनीवर आहे, कारण ते जगाला अर्पण केलेलं आहे. मातेला कळा आल्या नाहीत, रक्त आलं नाही, ती होती तशीच निर्मळ राहिली.

"आणि ही," ते म्हणाले, आणि काठी पिएराच्या चेहऱ्यावर टेकली. "त्या रात्री दोन सुइणी बोलावल्या होत्या. एकीने बघितलं आणि विश्वास ठेवला. दुसरी म्हणाली, मी हात लावून तपासल्याशिवाय मानणार नाही. तिने मातेच्या अंगाला हात लावला. त्याच क्षणी तो हात जळून वाळला. बघा."

तेव्हा लोकांनी हात बघितला. मनगटापासून पुढे काळा, बोटं आत वळलेली, जळक्या फांदीसारखी. मागे उभ्या असलेल्यांना ती सावली वाटली होती.

"आत्ता इथे उभं राहून कुणीतरी विचारलं, नाळ कुठाय, रक्त कुठाय," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले. "तिनेही हेच विचारलं होतं."

सगळं चर्च वळलं आणि पिएराच्या हाताकडे बघायला लागलं. तिने हात शालीखाली घेतला. घ्यायला नको होता. वर धरून दाखवला असता तर कदाचित लोक पुन्हा हसले असते.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. आधी वाटलं, सणाचे दिवस आहेत. मग गवंड्याच्या बायकोने मेणबत्त्या विकणाऱ्या नूताला बोलावलं. नूताला नवऱ्याच्या मेंढ्यांची बाळंतपणं करायचा अनुभव होता. मग दोरखंडवाल्याच्या सुनेनेही तिलाच बोलावलं. विहिरीवर पिएरा आली की बायका घागरी अर्ध्याच भरून निघायला लागल्या. ज्यांची नऊ पोरं पिएराने जगवली होती, त्यांना आता दहावं आठवलं. कुणाचं आठव्या दिवशी गेलेलं, कुणाचं निळं आलेलं, कुणाचं तोतरं. सगळ्यांचं कारण आता चर्चच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

"मलाच कसं कळलं नाही इतकी वर्षं?" दोरखंडवाल्याची बायको म्हणायची. "हात किती गार असायचा तिचा!"

"गार? माझ्या वेळी तर चटका बसला," दुसरी म्हणायची.

पिएरा ओरेत्ताला भेटायला गेली तर सान्द्रा दारातच उभी.

"विहीणबाई, राग नका मानू. पोटुशी आहे ती. तिच्यासमोर वाईट काही नको."

"मी तिची आई आहे हो."

"म्हणून तर तोंडावर सांगतेय. दुसरी कुणी असती तर कुत्रं सोडलं असतं."

आतून ओरेत्ता म्हणाली, "आई, नंतर ये ना." आवाजात भीती होती. कुणाची, ते पिएराने घरी येईपर्यंत ठरवलं नाही. घरी आल्यावरही नाही.

ती चिताऱ्याकडे गेली. तो बाजूच्या भिंतीला चुना लावत होता.

"उस्ताद, तो हात चांगला करून दे. तुला दोन दिवस लागतील. मी तुला कोंबडी आणून देते, शिजवून देते."

तो फळीवरून खाली उतरला. माणूस वाईट नव्हता. "काकू, गोष्टीत तो हात पुढे बरा होतो. देवदूत तिला म्हणतो, बाळाला हात लाव. ती लावते आणि बरी होते."

"मग तसं काढ की!"

"मला एवढीच भिंत दिली होती. आणि लिहून दिलंय, 'अविश्वासी सुईण, हात वाळलेला.' बंधुमंडळाच्या सहीशिवाय मला एक बोट सरळ करता येणार नाही."

"मग माझंच तोंड का घेतलंस रे?"

तो ओशाळला. "फार चांगलं तोंड आहे तुमचं," तो म्हणाला.

मग ती पाद्रीबाबांकडे गेली. त्यांच्यासमोर ती रडली नाही, गुडघे मात्र टेकले. "बाबा, मी अडाणी आहे. पोर गारठेल म्हणून बोलले. गोष्ट पुढे आहे म्हणतात. तेवढी लोकांना सांगा. माझ्या पोरीच्या बाळंतपणाला मला जायचंय, तिची वार अडकेल."

"हे तुला कसं ठाऊक? पुढचं फक्त देवाला ठाऊक असतं," पाद्रीबाबा म्हणाले. पण त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. तिने पश्चात्ताप केला, बाळाला स्पर्श केला, हात पहिल्यासारखा झाला.

पिएरा पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाटलं, सुटले.

सान्द्रा उठली. "पाद्रीबाबा, मग हिलाही लावू द्या ना हात बाळाला. चित्रातल्या. हिचा पश्चात्ताप खरा असेल तर चित्रातला हात बरा होईल. आपल्यालाही कळेल, हिलाही कळेल."

आता कुणी म्हणेल, रंगवलेला हात कसा बरा होणार? पण तिकडच्या डोंगरात चित्रातली माता रडली होती, एका क्रुसावरच्या येशूने मान वळवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला काही वेडगळ वाटलं नाही. खरं सांगायचं तर पिएरालाही नाही. पाद्रीबाबांनी नको म्हणायला हवं होतं. पण आपल्या चर्चमध्ये चमत्कार झाला तर, हे त्यांच्याही मनात आलंच असणार. तेही शेवटी माणूसच.

रविवारी तिला वेदीजवळ नेलं. तिने रात्रभर उपास केला होता, हात तीनदा धुतले होते. बाळ जमिनीवर असलं तरी चित्रच भिंतीवर उंच काढलेलं, म्हणून चांभाराचं स्टूल आणलं. ते डुगडुगत होतं. तिने उजवा हात बाळाच्या पोटावर ठेवला, नाळ असायला हवी होती तिथे. शेजारी तिचंच तोंड, तिचाच काळा हात.

"हलवू नकोस," पाद्रीबाबा म्हणाले.

सगळा गाव गुडघ्यांवर. एक स्तोत्र झालं, दुसरं झालं. पिएराचा दंड कापायला लागला. मध्येच म्हातारा चांभार ओरडला, "हललं! बोट हललं!" लोक उठून पुढे धावले. मग तोच म्हणाला, "नाही… माशी होती."

कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या स्तोत्राला तिचा हात खाली आला, तो आपोआपच. चित्रातला होता तसाच होता. गर्दीत ओरेत्ता पोट सावरत बसली होती. तिने आईकडे बघितलं आणि मग सासूचा हात धरला.

"मी दारात अडवलं तेव्हा मी वाईट दिसले असेन," सान्द्रा बाहेर पायरीवर म्हणाली. "आता देवानेच सांगितलं."

ईस्टरला आठवडा उरला असताना कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ. पिएराला कुणी सांगितलं नाही. गल्लीत उतरताना तिने बघितलं की सान्द्राच्या घरातल्या सगळ्या पेट्या, कुलपं उघडून, दोऱ्यांच्या गाठी सोडून खिडकीत मांडल्या आहेत, बाळाला वाट मोकळी व्हावी म्हणून. ती दारात गेली. दार मात्र आतून लावलेलं.

ती गल्लीतल्या दगडावर बसली. आत नूताचा आवाज, शेजारणींचा आवाज, बाळंतिणींना तारणाऱ्या संत मार्गारीताच्या नावाचा घोष. ओरेत्ता ओरडली की पिएरा आवाजावरून ओळखायची, आता किती राहिलं. "अजून जोर लावू देऊ नका," ती बाहेरून म्हणायची. "कुशीवर वळवा तिला." आतल्या बायका मग आणखी मोठ्याने प्रार्थना म्हणायच्या.

दुपारी मूल रडलं. चांगलं खणखणीत. पिएरा उठून उभी राहिली आणि एकटीच हसली. मग दाराला तोंड लावून म्हणाली, "वार पडली का?"

आत प्रार्थना चालूच राहिली.

"नूता! वार पडली का? आख्खी आहे का बघ. परातीत पसरून बघ. तुकडा कमी असेल तर मला आत घे!"

आत कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. भांडी वाजत होती. थोड्या वेळाने जावई बाल्दो बाहेर आला, हातात वाइनचा पेला. पोरगा साधा होता, आईपुढे बोलायचा नाही.

"सासूबाई, मुलगी झाली. घ्या, तोंड गोड करा आणि घरी जा."

"बाल्दो, राजा, आत जा आणि एवढंच विचार, वार आख्खी पडली का. आणि रक्त किती जातंय ते तुझ्या डोळ्यांनी बघ."

तो आत गेला. परत आला. "आई म्हणते, सगळं ठीक आहे. आणि म्हणते, नाळ-रक्ताची चौकशी पुरे झाली आता. त्यानेच झालंय हे सगळं."

"काय झालंय?"

त्याने आत जाऊन दार लावलं. पिएरा पुन्हा हाका मारायला लागली. आधी नूताला, मग सान्द्राला, मग पाद्रीबाबांच्या नावाने, मग एकेका शेजारणीला, तिच्या तिच्या पोरांची नावं घेऊन. "तुझा लूका मानेला नाळ गुंडाळून आला, मी सोडवली, दार उघड!" एकदा तिला आतून "आई" असं ऐकू आलं. की तसं वाटलं. प्रार्थना मोठ्याने चालली होती. मुठी दारावर आपटून सोलवटल्या. गल्लीतली माणसं लांबून बघत उभी राहिली. दार मोडायला एकही पुढे आला नाही आणि तिला थांबवायलाही नाही.

दिवस मावळायच्या आधी प्रार्थना थांबली. मग दार उघडलं. सान्द्रा उभी होती, चेहरा पीठ माखल्यासारखा.

"विहीणबाई," ती म्हणाली, "आत या."

पिएरा आत गेली. ओरेत्ता पलंगावर होती, पांढरी, रश्श्याचा वाडगा उशाशी तसाच. खालची गादी भिजून जमिनीवर ठिबकत होती. शेजारणी भिंतीला चिकटून उभ्या.

"धुवायचंय तिला," सान्द्रा म्हणाली. "रक्तात गेलेल्या बाळंतिणीला हात लावायला कुणी तयार नाही. तुम्हाला सवय आहे."

पिएराने बाह्या सारल्या. पाणी मागितलं, कोमट. थंड आणलं, तेच घेतलं. पोरीचे केस मोकळे केले, तोंड पुसलं, मांड्या धुतल्या. मग तिने पोटावर तळवा दाबला आणि थांबली. उजवा हात आत घातला. काढला तेव्हा बोटांत तळहाताएवढा तुकडा होता. खिडकीतल्या पेटीवर परात होती, त्यात तिने तो ठेवला आणि नूतापुढे धरला.

"हे काय आहे?"

नूता रडायला लागली. "थोडी अडकली होती, काकू. ओढली तर तुटली. मी म्हटलं, आता देव बघेल."

"मी बाहेरच बसले होते."

"सान्द्राकाकूंनी सांगितलं, तुमच्याशी बोलायचं नाही."

पिएराने परात सान्द्रापुढे धरली. सान्द्राने बघितलं. मग म्हणाली, "झाका ते. पाद्रीबाबा येतील इतक्यात."

पाळण्यात मूल भुकेने रडायला लागलं. पिएरा हात पुसत तिकडे वळली. तिने एक पाऊल टाकलं तसा सान्द्राने पाळणा उचलला आणि दुसऱ्या खोलीत नेला. कडी लावल्याचा आवाज झाला.

पिएरा परत पलंगाकडे आली. अजून पाय धुवायचे राहिले होते.

पाद्रीबाबांनी त्या रविवारी पुन्हा काठी उचलली. देवाने या गावाला चित्राचा अर्थ दोनदा समजावला, असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. भिंतीवरच्या बाईकडे बोट करून आया पोरांना सांगायच्या, तिने तर पोटच्या पोरीलाही सोडलं नाही.

पिएरा आणखी अकरा वर्षं जगली. त्या अकरा वर्षांत तिला दारात बोलवायचे ते मढं धुवायलाच. म्हातारे, तापाने गेलेले, नूताच्या हातून गेलेल्या बायका. कुणीतरी उंबऱ्याबाहेरून हाक मारायचं, "पिएराकाकू, येता का?" ती हातांना तेल लावायची, शाल घ्यायची आणि विचारायची, "बाई की बाप्या?" बाई म्हटलं की ती चालायचा वेग वाढवायची. सवयीने.